धानाचं गोत



व्याख्यानमालेच्या पत्रिकेवर माझ्या विषयाचं नाव 'प्राचीन जीवसृष्टीतली नवलं' असं छापलं आहे. ते वाचून शाळेची बरीच मुलं आलेली दिसतात. पुढच्या रांगेतल्या दोघांच्या हातात तर प्लॅस्टिकचे डायनासोरही आहेत. त्यांना आधीच सांगून टाकतो, डायनासोर येणार आहे. पण तो येईल शेणाच्या वाटेनं. हे ऐकून मोठ्यांपैकी काहींच्या कपाळाला आठी पडली. पण अंगणात सडासारवण करणाऱ्या घरांतली आपण माणसं, शेणाला नाक मुरडणं आपल्याला शोभत नाही.

ज्या सरांच्या स्मृतीत ही माला चालते, त्यांचा मी विद्यार्थी. सरांच्या टेबलावर वह्यांच्या गठ्ठ्यावर ठेवलेला एक काळा दगड असे. आकाराच्या मानानं फार जड, आणि हाताळला की बोटं काळी व्हायची. एकदा त्यांनी वर्गाला विचारलं, हा किती जुना असेल? कुणी शंभर वर्षं म्हणालं, कुणी हजार. एक जण ठासून म्हणाला, शिवाजी महाराजांच्या वेळचा. सर म्हणाले, 'महाराजांच्या वेळी तो म्हाताराच होता.' वर्ग हसला आणि तास संपला. त्या उत्तराचा अर्थ मला पुढं बऱ्याच वर्षांनी कळला, तो आज तुमच्यासमोर मांडतो.

जुनं म्हणजे किती जुनं, याचा अंदाज आपल्या डोक्यात बसत नाही. हजार, लाख, कोटी हे सगळे शब्द 'पुष्कळ' एवढाच अर्थ देतात. म्हणून मी एक युक्ती करतो. एक वर्ष म्हणजे एक मिलिमीटर धरा, कंपासपेटीतल्या पट्टीवरची सगळ्यांत बारीक रेघ. आज म्हणजे हा मंच, इथून पश्चिमेकडे मोजत जायचं. ऐंशी वर्षांचं भरलं आयुष्य झालं आठ सेंटिमीटर, म्हणजे चार बोटं. शिवराज्याभिषेक हातभरही लांब नाही. आपल्या भंडारा जिल्ह्यात आपण ज्याला खरं प्राचीन म्हणतो, त्या पवनीच्या जगन्नाथ टेकडीवरच्या स्तूपाचा आरंभ मौर्यकाळात धरला, तरी तो सव्वादोन मीटरवर येतो. अध्यक्षांच्या खुर्चीपर्यंत.

पवनीशी दोन मिनिटं थांबायलाच हवं, ती आपल्याच पदरातली गोष्ट आहे. नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी १९६९-७० साली शां. भा. देव आणि ज. प. जोशी यांच्या देखरेखीखाली तिथं उत्खनन केलं, तेव्हा सांचीच्या मोठ्या स्तूपाहूनही व्यासानं मोठा स्तूप मातीखालून निघाला. त्यात नागराज मुचलिंदाचं एक शिल्प आहे, ब्राह्मी अक्षरांत नाव कोरलेलं. बोधीनंतर पाऊस कोसळू लागला तेव्हा या नागानं बुद्धावर फणा धरला, अशी कथा. पवनीच्या शिल्पात फणा आहे, फण्याखाली आसनही आहे, आणि आसन रिकामं आहे. बुद्धाला मानवी रूपात दाखवायचं नाही, असा त्या काळचा संकेत होता. त्यामुळं नाग तेवढा दिसतो आणि बुद्ध ओळखायचा. याच पवनीला महाक्षत्रप कुमार रूपिअम्म याच्या नावाचा एक खांब मिळाला आहे. त्याच्यावरच्या लेखात त्याला 'छायाखांब' म्हटलंय. माणूस गेला, त्याची सावली खांबानं धरून ठेवली. स्मृतिव्याख्यानाला याहून चांगला जुना शब्द मला सापडला नाही.

असो. सव्वादोन मीटरवर आहोत. आठ-नऊ मीटरवर चीनमधल्या यांगत्सेच्या खोऱ्यात माणूस धान पेरू लागलेला दिसतो. पंचवीस मीटरवर, म्हणजे या सभागृहाच्या दाराबाहेर, चाळीसगाव तालुक्यातलं पाटणे आहे. तिथं पुरातत्त्वज्ञ साळी यांच्या उत्खननात शहामृगाच्या अंड्याचं कवच मिळालं, त्याच्यावर आडव्यातिडव्या रेघा कोरलेल्या. हो, शहामृग, आणि खानदेशात! ते आफ्रिकेतून कुणी आणलेलं नव्हतं, इथंच चरत होतं. भारतात मिळालेल्या अशा कवचांमधल्या डीएनएवरून हा पक्षी शहामृगच होता हे २०१७ साली पक्कं झालं. त्या काळच्या माणसांनी त्याची अंडी खाल्ली असतील, कवचाचे मणी केले हे तर नक्की, आणि एकानं त्याच्यावर नक्षी काढली. तीनशे मीटरवर, कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीशी, आपली माणसाची जात सुरू होते. टपरीच्या पलीकडे आपल्या जातीचं कुणी भेटणार नाही.

आता हिशेब बदलतो. दहा लाख वर्षांचा एक किलोमीटर होतो. डायनासोर संपले ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी, म्हणजे ६६ किलोमीटरवर. भंडाऱ्याहून ६६ किलोमीटर पश्चिमेला काय येतं हे इथं कुणाला सांगायला नको, रोज दीड-दोनशे माणसं तिकडे अप-डाउन करतात. नागपूर. यात एक गंमत आहे. डायनासोर संपत होते त्याच सुमारास दख्खनवर लाव्ह्याचे थरांवर थर ओतले जात होते, आणि त्या काळ्या खडकाची पूर्वेची कड नागपूरच्या आसपासच संपते. सीताबर्डीचा किल्ला ज्या टेकडीवर आहे, ती त्याच लाव्ह्याची. म्हणजे आपल्या मोजपट्टीवरचं नागपूर आणि खरंखुरं नागपूर, दोन्ही ठिकाणी एकच घटना लिहिलेली आहे. योगायोग आहे, त्यातून काही सिद्ध होत नाही, पण लक्षात ठेवायला सोपं जातं.

मग आपल्या भंडाऱ्याखाली काय आहे? इथं सरांचा दगड हातात घ्यायचा. तो चिखल्याच्या खाणीतला मॅंगनीजचा दगड होता. तुमसर तालुक्यातल्या चिखला आणि डोंगरी बुजुर्ग या खाणी ज्या खडकांत आहेत, ते शंभर कोटी वर्षांहून जुने. मोजपट्टीवर हजार किलोमीटर. भंडाऱ्याहून निघायचं, नागपूर, अमरावती, नाशिक, मुंबई ओलांडायची आणि अरबी समुद्रात पोहत राहायचं. सर म्हणाले ते बरोबरच होतं, महाराजांच्या वेळी तो दगड म्हाताराच होता. डायनासोरांच्या वेळीसुद्धा म्हाताराच होता.

आणि तो दगड झाला कसा, हे फार सुंदर आहे. ज्या पाण्यात प्राणवायू नसतो त्या पाण्यात मॅंगनीज विरघळून राहतं, प्राणवायू भेटला की काळ्या गाळाच्या रूपात तळाशी बसतं. त्या काळी पृथ्वीवर एकही प्राणी नव्हता, झाड नव्हतं. समुद्रात बहुतेक डोळ्यांना न दिसणारे जीव होते आणि त्यांतले काही सूर्यप्रकाशावर जगून प्राणवायू सोडत होते. तो प्राणवायू लागून मॅंगनीज खाली बसलं, पुढं दाबलं गेलं, तापलं, घड्या पडल्या, आणि आज त्याचे ट्रक तुमसरच्या रस्त्यानं जातात. डोंगरी बुजुर्गचं मॅंगनीज टॉर्चच्या सेलमध्ये वापरलं जातं. ओलिताला रात्री बांधीवर टॉर्च घेऊन जाता ना, त्या उजेडात शंभर कोटी वर्षांपूर्वीचा कुणाचा तरी उच्छ्वास असतो. हे वाक्य मला स्वतःलाच जरा नाटकी वाटतं, पण त्यात खोटं काही नाही.

याचा एक तोटाही आहे, तो मुलांना सांगितला पाहिजे. आपल्या जिल्ह्याची बहुतेक जमीन इतकी म्हातारी आहे की तिच्यात हाडं सापडायची शक्यता नाही. ते खडक बनले तेव्हा हाड ही वस्तूच जगात नव्हती. घरामागं खणून डायनासोर मिळणार नाही. बापाची कुदळ मोडाल आणि मार खाल.

पण वैनगंगा तुम्हाला त्यांच्याकडे नेते. गोसीखुर्दच्या दारांतून सुटलेलं पाणी पवनीवरून खाली जातं, चपराळ्यापाशी वर्धेला मिळतं, मग त्या नदीचं नाव प्राणहिता होतं आणि ती सिरोंचाकडे उतरते. सिरोंचा तालुक्यात त्या काठावर कोटा नावाचं गाव आहे. जगभरचे भूशास्त्रज्ञ या गावाचं नाव घेतात, कारण तिथल्या खडकाच्या थराला त्याचंच नाव दिलं आहे. सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वीचा थर. नदीच्या पलीकडे, आजच्या तेलंगणात, याच थरातून १९६० च्या आसपास एका प्रचंड प्राण्याची हाडं निघाली. मांडीचं एक हाड जवळजवळ माणसाच्या उंचीचं. ही शोधाशोध कुणी केली असेल? भारतीय सांख्यिकी संस्थेनं. आकडेमोड करणाऱ्या लोकांनी. प्रशांतचंद्र महालनोबिस यांना वाटे की मोजमाप आणि विज्ञान वेगळं काढता येत नाही, म्हणून त्यांनी आपल्या संस्थेत जीवाश्मांचा अभ्यासही सुरू केला होता. प्राण्याचं नाव ठेवलं बारापासॉरस टागोरी. बंगालीत मोठा पाय, म्हणून बारापा. आणि १९६१ हे रवींद्रनाथांच्या जन्मशताब्दीचं वर्ष, म्हणून टागोरी. जगात कवीच्या नावाचे पुतळे, रस्ते पुष्कळ असतील, पण कवीच्या नावाचा डायनासोर आपल्या नदीच्या काठचा आहे. त्याचा सांगाडा आज कोलकात्यात उभा आहे.

याच संस्थेनं पुढं १९८० च्या दशकात चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावला आणखी एक सांगाडा खणून काढला. हा प्राणी वेगळाच, मान आखूड आणि पुढचे पाय उंच, उभा राहिला तर तरसासारखा उतरत्या पाठीचा दिसेल. आधी त्याला टायटॅनोसॉरसच्या जातीत बसवला, मग २००३ साली त्याला स्वतंत्र नाव मिळालं, इसीसॉरस. यातलं 'इसी' म्हणजे इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या इंग्रजी आद्याक्षरांचा उच्चार. कचेरीच्या नावाचा डायनासोर! आपल्याकडे कार्यालयांना महापुरुषांची नावं देतात, इथं उलटं झालं.

आता मोजपट्टी लावा. बारापासॉरस १८० किलोमीटरवर, तिवस्याच्या जरा पुढं, अमरावतीच्या अलीकडे. इसीसॉरस ६७ वर, नागपुरात. दोघांमधलं अंतर ११० किलोमीटरांहून अधिक. म्हणजे चंद्रपूरच्या डायनासोराला सिरोंच्याकडच्या डायनासोरापेक्षा तुम्हीआम्ही जवळचे आहोत. सिनेमात सगळे एकाच जंगलात पळताना दाखवतात. ते म्हणजे राजा हर्षवर्धनाच्या दरबारात मोबाइल वाजावा तसं आहे. खरं तर त्याहून पुष्कळ वाईट.

डोंगरगावाच्या जवळच, वरोरा तालुक्यात पिसदुरा हे गाव आहे. मी ज्याच्यासाठी इतका वळसा घालून आलो ते हे गाव. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात नागपूरला स्टीफन हिस्लॉप नावाचा स्कॉटिश मिशनरी होता. हिस्लॉप कॉलेज त्याच्याच नावाचं. धर्मप्रचार किती झाला ते बाजूला ठेवू, पण त्यानं दगड मात्र मनापासून गोळा केले. कामठीजवळच्या खडकांतून त्यानं जिभेच्या आकाराची पानं मिळवली, ग्लॉसोप्टेरिस नावाची. तीच पानं पुढं १९१२ साली दक्षिण ध्रुवावरून परतताना वाटेतच प्राण सोडलेल्या कॅप्टन स्कॉटच्या तुकडीजवळ सापडली. माणसं उपाशी, थंडीनं गारठलेली, तरी त्यांनी सुमारे सोळा किलो दगड टाकून दिले नव्हते. कामठीचं पान अंटार्क्टिकात कसं? कारण ते भूखंड कधीकाळी एकत्र होते. त्या जोडखंडाला ऑस्ट्रियाच्या एडुआर्ड सूस यानं १८८५ साली नाव दिलं गोंडवनालँड. आपल्या गोंडांचं नाव. शिवाय १९०९ मध्ये फर्मर या भूशास्त्रज्ञानं आपल्या या मॅंगनीजच्या पट्ट्यातल्या एका खडकाला 'गोंडाइट' म्हटलं. ज्यांच्या नावावर सातबारा निघता निघत नाही, त्यांच्या नावावर अख्खा महाखंड आहे.

हिस्लॉपनं पिसदुऱ्याहूनही हाडं मिळवली. १८६३ साली तो टाकळघाटची शिळावर्तुळं पाहायला गेला आणि परतताना पुराच्या पाण्यात बुडून मेला. पिसदुऱ्याची शेतं मात्र तशीच राहिली. तिथं नांगराला हाडांबरोबर आणखी एक वस्तू लागते. बटाट्यासारखे, गाजराच्या तुकड्यासारखे गोळे, दगडाचे. १९३९ मध्ये मॅटली नावाच्या शास्त्रज्ञानं त्यांच्यावर आख्खा लेख लिहिला, आकारावरून प्रकार पाडले. ते गोळे म्हणजे डायनासोरांच्या काळातलं शेण, दगड झालेलं. सोबत ज्यांची हाडं मिळतात ते टायटॅनोसॉर, म्हणजे इसीसॉरसचे भाऊबंद, त्याचे मालक असावेत असं अभ्यासकांना वाटतं.

हाड तुम्हाला प्राणी केवढा होता ते सांगतं. तो काल काय जेवला ते शेणच सांगतं. लखनौच्या बिरबल साहनी संस्थेतल्या वंदना प्रसाद यांनी पिसदुऱ्याचे गोळे आम्लात विरघळवून त्यातून जे उरलं ते सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं. त्यांच्यासोबत कॅरोलिन स्ट्रोमबर्ग, हबीब अलीमोहम्मदियन आणि अशोक साहनी होते. माडाच्या कुळातली झाडं, सूचिपर्णी, इतर रुंद पानांची झाडं यांचे अवशेष अपेक्षेप्रमाणे होतेच. पण त्यांच्यात गवत निघालं. निदान पाच प्रकारचं. २००५ च्या नोव्हेंबरात हा शोध 'सायन्स' या नियतकालिकात छापून आला.

यात एवढं काय, असं शेतकऱ्याला वाटेल. जनावर आहे, गवत खाणारच. पण त्याआधी जगभरची समजूत अशी होती की डायनासोरांच्या काळात गवत नव्हतंच. गवताचे खात्रीचे जुने अवशेष साडेपाच कोटी वर्षांपलीकडे जात नव्हते. पुस्तकांत चित्रं काढणाऱ्या चित्रकारांना बजावलेलं असे, डायनासोरांच्या पायाखाली गवत रंगवू नका, नेचे रंगवा. पिसदुऱ्याच्या एका ढेकळानं सगळ्या जगाची चित्रं चुकीची ठरवली.

पुढचं खास आपल्यासाठी आहे. त्यांतल्याच काही मंडळींनी २०११ साली 'नेचर कम्युनिकेशन्स'मध्ये आणखी एक शोधनिबंध लिहिला. त्या गवतांपैकी काही धानाच्या कुळातली आहेत, असा त्यात पुरावा होता.

तो पुरावा कसा ओळखायचा, हे मी जरा सावकाश सांगणार आहे, कारण त्याचा निम्मा भाग तुम्हाला आधीच ठाऊक आहे. निंदणाला उतरलेल्या बाईला विचारा, धानाचं पान कसं लागतं. पातीसारखं कापतं, संध्याकाळी हातापायांना बारीक चिरा दिसतात आणि पाणी लागलं की चुरचुरतात. तुसाच्या राखेनं पितळेची भांडी लखलखतात, आणि पितळ म्हणजे काय ते भंडाऱ्याला मी सांगायला नको. या दोन्ही गोष्टींचं कारण एकच, वाळू. धानाचं मूळ पाण्याबरोबर विरघळलेली सिलिका उचलतं आणि पानातल्या, तुसातल्या पेशींमध्ये भरून ठेवतं. सुक्या तणसाच्या वजनात ती दहा टक्क्यांपर्यंत जाते, तुसाच्या राखेत तर नव्वद टक्क्यांच्या घरात. या काचेच्या जोरावर पान ताठ उभं राहतं, किडीचे दात बोथट होतात. झाड कुजतं, पेशी नाहीशी होते, पण आतली काच पेशीच्या आकाराची राहते, साच्यात ओतलेल्या मूर्तीसारखी. गुरानं खाल्ली तरी पचत नाही, शेणातून बाहेर पडते. शेणाचा दगड झाला तरी ती आत बसलेली असते.

गवतांमध्ये या काचकणांचा एक नेहमीचा आकार आहे डमरूचा, दोन्ही टोकं फुगलेली आणि मधे बारीक. बहुतेक गवतांत हे डमरू पानाच्या शिरेला धरून लांबीच्या दिशेनं मांडलेले असतात, बैलगाड्या एकामागं एक उभ्या कराव्यात तसे. धानाच्या कुळात ते शिरेला आडवे असतात, शिडीच्या पायऱ्यांसारखे. पिसदुऱ्याच्या शेणात पानाच्या सालीचे अतिसूक्ष्म तुकडे मिळाले, आणि त्यांत डमरू जागच्या जागी होते. आडवे.

आता एक विनंती. डायनासोर चिन्नोर खात होता, असं उद्या बाजारात सांगू नका, विशेषतः माझं नाव घेऊन. ते धान नव्हतं. धानाच्या कुळातलं पाणथळ जागी उगवणारं कुठलं तरी गवत होतं, आजच्या धानाचा फार फार दूरचा चुलत पणजोबा म्हणा हवं तर. आणि डायनासोरांचं ते मुख्य जेवणही नव्हतं. गवताचं प्रमाण थोडंच होतं, चरता चरता तोंडात आलेलं, लोणच्यासारखं. गवतावर खरोखर जगत असावा तो दुसराच एक जीव, लहानसा सस्तन प्राणी. त्याचे दात गाईघोड्यांसारखे उंच होते, काच खाऊन झिजले तरी पुरावेत असे. भारतात मिळालेल्या अशा एका प्राण्याचं नाव भारतथेरियम, आणि तो ज्या गटातला, त्या गटाचं नाव गोंडवनाथेरिया. पुन्हा गोंडच.

तेव्हाचा हा देश आज आहे तिथं नव्हता. आशियाला चिकटलेला नव्हता, विषुववृत्ताच्या दक्षिणेला बेटासारखा होता आणि वर्षाला पंधराएक सेंटिमीटर उत्तरेकडे सरकत होता. त्या बेटावर डबकी, डबक्यांच्या काठी आडव्या डमरूंचं गवत आणि त्यात तोंड घालणारा तरसाच्या ठेवणीचा डोंगर. पिसदुऱ्याला त्याच थरात एका मोठ्या सापाचेही मणके मिळाले. त्याचं नाव मॅडट्सोइया पिसदुरेन्सिस, आणि त्याचा भाऊबंद मादागास्करला सापडतो.

इथं मला तलावाच्या काठचं देवधान आठवतं. आपल्या बोड्यांमध्ये, मालगुजारी तलावांच्या उथळ पाण्यात ते आपोआप उगवतं. कुसळ लांब, दाणा पिकला की लगेच पाण्यात झडतो. ज्या दाण्याला झडायची घाई नव्हती तो माणसाच्या विळ्याच्या वाट्याला आला, तो पुन्हा पेरला गेला, आणि हजारो वर्षांत त्याचं धान झालं. झडणारं होतं ते देवाचं राहिलं. ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, नांगरल्याशिवाय आलेलं खायचं, अशी रीत आहे. त्या एका दिवशी आपल्या बाया शेतीच्या आधीच्या काळात जेवतात.

आणि या गवतात डायनासोर आजही चरतो. हे उपमा म्हणून बोलत नाही. पक्षी हे डायनासोरांच्याच एका शाखेचे वंशज आहेत. ती शाखा इसीसॉरसची नव्हे, त्याला खाणाऱ्यांची, दोन पायांवर चालणाऱ्या मांसाहाऱ्यांची. सारस हा असाच एक पक्षी. महाराष्ट्रात तो आता उरला मुख्यतः गोंदियात, आपल्या जिल्ह्यात अगदी बोटांवर मोजण्याइतका. उडणाऱ्या पक्ष्यांमध्ये जगात सगळ्यांत उंच, जवळजवळ सहा फूट. तो घरटं कुठं करतो? धानाच्या बांधीत. पाण्यात उभी रोपं उपटून, त्यांचाच ढीग रचून त्यावर बहुधा दोन अंडी. म्हणजे शेतकऱ्याचं नुकसान ठरलेलं. रोवणी संपत आली की काही बांध्यांत मधेच एक वाटोळी मोकळी जागा दिसते, तिच्यात लाल मानेची जोडी उभी असते आणि बांधीचा मालक धुऱ्यावरून लांबूनच जातो. तो चिडत नसेल असं नाही. पण बहुतेक ठिकाणी घरटं मोडत नाही. सारसाची हाक ऐकलीत का कधी? त्याची श्वासनलिका छातीच्या हाडात वेटोळं करून बसलेली असते, तुतारीच्या नळीसारखी, म्हणून दोन पक्ष्यांचा आवाज दहा गावांना जातो. नर आणि मादी मिळून हाक देतात, एकानं सुरू करायचं, दुसऱ्यानं उचलायचं. मारुती चितमपल्लींनी नवेगावबांधच्या काठी राहून या पाणपक्ष्यांची ढिवरांच्या तोंडची नावं टिपली, म्हणून ती आपल्याला वाचायला तरी मिळतात. त्यांची पुस्तकं इथल्या वाचनालयात असतील, नसतील तर आणवा.

सारसाचे पाय एकदा दुर्बिणीतून पाहा. त्यांच्यावर खवले आहेत. पुढच्या रांगेतल्या मुलाच्या हातातल्या प्लॅस्टिकच्या प्राण्याच्या पायांवर आहेत तसेच.

माझं बोलणं इथं संपतं, पण कार्यक्रम संपलेला नाही. मागच्या दाराजवळच्या टेबलावर सूक्ष्मदर्शक मांडून ठेवला आहे. काल मी एका बांधीवरच्या तणसाच्या ढिगातून एक वाळलेलं पान उचललं, ते तव्यावर पांढरी राख होईपर्यंत भाजलं आणि ती राख न चुरता काचेवर घेतली. आपल्याच गावच्या धानाची आहे. डोळा लावलात की आधी नुसता धूर दिसेल, मग बाजूचा स्क्रू अगदी हळू फिरवायचा. शीर उभी दिसली की तिच्यावर लक्ष ठेवा, डमरू दिसतील. ते आडवे आहेत का उभे, तेवढं प्रत्येकानं मला येऊन सांगायचं. रांग डावीकडून लावा, लहान मुलांना आधी सोडा, आणि कृपा करून टेबलाजवळ कुणी शिंकू नका, राख एवढीच आहे.